दादासाहेब फाळके यांचा संसार

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे सभेत ठरले, तेव्हा पाककृती, भरतकाम, बालसंगोपन हे विषय हां हां म्हणता वाटले गेले आणि माझ्या वाट्याला थोर पुरुषाचे चरित्र आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. थोरामोठ्यांविषयी विद्वानांनी लिहावे, मजसारखीने काय लिहायचे, असे प्रथम मनात आले. पण थोर माणसालाही घर असते, बायकामुले असतात, वाण्याची उधारी असते. आणि घराविषयी लिहायला सातवी पुष्कळ झाली. म्हणून भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे पती आणि पिता या नात्याने कसे होते, त्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

दादासाहेब आपल्याच नाशिकचे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. आपण मुलाबाळांना घेऊन तिथे सहलीला गेलो आहोत, झाडाखाली बसून डबे सोडले आहेत. परंतु ज्यांच्या नावाची ती बाग, त्यांच्या घरी चूल कशी पेटत होती, हे मला तरी ठाऊक नव्हते. या लेखाच्या निमित्ताने वाचनालयातून पुस्तके आणली, मुलाने मोबाइलवर त्यांचे जुने मूकपट लावून दिले, आणि मग जे समजले ते सर्व भगिनींना सांगावेसे वाटले.

दादासाहेबांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे गाढे पंडित. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा बिऱ्हाड मुंबईस हलले. शास्त्रीबुवांच्या मुलाने पोथी घेऊन बसावे, तर याचा सारा ओढा चित्रे काढण्याकडे. १८८५ मध्ये त्यांचे नाव जे. जे. कलाशाळेत घातले. नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाईचे निरनिराळे प्रकार, जे जे म्हणून हाताने करता येते ते ते शिकले. असा मनुष्य एका जागी बसून महिना पगार आणील, ही आशा कोणी धरू नये. तसेच झाले.

त्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान थाटले. पहिले लग्न झालेले होते, एक मूलही होते. इतक्यात १९०० च्या सुमारास प्लेगची साथ आली आणि त्या साथीत पत्नी व मूल दोघेही गेली. भरले घर रिकामे झाले. ते बडोद्यास परत आले. तिथे दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होते, अशी अफवा लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. याच दिवसांत एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले. पुढे स्वतःच प्रयोग करू लागले, आणि फाळके हे नाव उलटे करून प्रोफेसर केळफा असे भारदस्त नाव त्यांनी धारण केले! दुःखाने खचलेला मनुष्य आपल्याच नावाची गंमत करतो आणि लोकांना हसवायला उभा राहतो, हे वाचून मला नवल वाटले. खेळकरपणा हा सुखाच्या दिवसांतच येतो असे नाही, हे त्यांच्याकडून शिकावे.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा. लग्नानंतर तिचे नाव सरस्वती ठेवले. त्यांच्याहून ती वयाने बरीच लहान होती. कलावंताच्या घरात पडल्यावर आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या मुलीला काय कल्पना असणार! सुरुवातीला सारे बरे चालले होते. दादासाहेबांना सरकारच्या पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ जोरात आली आणि त्यांनी सरकारी नोकरी सोडली. मग छापखाना काढला. प्रथम लोणावळ्याला, नंतर भागीदारीत मुंबईला दादरमध्ये. रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचे नाव झाले, पैसाही दिसू लागला. इतक्यात भागीदारांशी बिनसले आणि दादासाहेब नेसत्या वस्त्रानिशी म्हणावे तसे बाहेर पडले. दुसऱ्या कोणी भांडवल देऊ केले, तरी पुन्हा छापखान्याच्या वाटेला ते गेले नाहीत. वयाची चाळिशी उलटलेली, घरात लहान मुले, आणि हातात काही नाही.

अशा मनःस्थितीत असताना, १९११ च्या एप्रिलात, थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन ते गिरगावात एका ठिकाणी हलती चित्रे पाहायला गेले. पडद्यावर जनावरे धावत होती. मुलाने घरी येऊन आईला सांगितले, तर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन दादासाहेब पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा चित्रपट लागला होता. सगळे तो पाहत होते; दादासाहेबांना मात्र त्या जागी आपले राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या देशात आपल्या लोकांनी आपल्या देवांची अशी चित्रे का करू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटले.

मग घरात जो खटाटोप सुरू झाला तो ऐकण्यासारखा आहे. त्यांनी एक खेळण्यासारखे छोटे यंत्र आणि फिल्मचे तुकडे विकत आणले. रात्री मेणबत्ती लावायची, भिंगासमोर धरायची, आणि भिंतीवर चित्रे हलवून दाखवायची. मुलांची काय चंगळ झाली असेल! ज्या घरात मिळकत बंद झालेली, त्या घरात रोज रात्री भिंतीवर खेळ. संध्याकाळी ते मुंबईतल्या थिएटरांतून चार-चार पाच-पाच तास चित्रपट पाहत बसत, दिवसा पुस्तके वाचत, आणि झोप जेमतेम तीन तासांची. याचा परिणाम व्हायचा तो झाला. डोळे सुजले आणि दिसेनासे झाले. एका चांगल्या डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली, परंतु निरनिराळ्या नंबरांचे चष्मे लावावे लागले. आपल्या घरी असा प्रसंग आला असता, तर आपण ते यंत्र उचलून माळ्यावर टाकले असते. सरस्वतीबाईंनी तसे केले नाही.

लोकांना पटवण्यासाठी त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून महिनाभर रोज त्याचे चित्र घेतले. सारी चित्रे जोडून दाखवली, तेव्हा एका मिनिटाच्या आसपास दाण्याला कोंब फुटून वेल वर चढताना दिसू लागला. याला ‘अंकुराची वाढ’ म्हणतात. हा चमत्कार पाहून स्नेह्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळाले. मात्र कर्जासाठी तारण काय, तर दादासाहेबांच्या बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी. त्या गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

इथे मी थोडी थांबते. विमा म्हणजे काय, तर उद्या घरधन्याचे बरेवाईट झाले तर बायकामुलांच्या तोंडात दोन घास पडावेत, याची तरतूद. तीच गहाण! आमच्या घरी काही वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला होता. आमच्या घरच्यांनी कारखान्यातली बांधलेली नोकरी सोडली आणि एक जुने लेथ मशीन घेतले. त्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या. पाटल्या मी दिल्या, पण महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. राग सोन्याचा नव्हता. नोकरी सोडल्याचे मला चार दिवसांनी शेजारून कळले, त्याचा होता. म्हणून फाळक्यांच्या घरातली ही हकीकत वाचताना मी मुद्दाम शोधत होते, की या बाईला आधी विचारले होते का. तर असे दिसते की दादासाहेब तिच्यापासून काही लपवत नव्हते. चित्रपट तिला दाखवला, यंत्र तिच्यासमोर जोडले, आणि पुढे कामही तिला शिकवले. माझ्या मते या संसाराची सारी किल्ली इथे आहे.

लंडनमध्ये ते तिथल्या ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्यांनी ओळख करून दिल्यामुळे हेपवर्थ नावाच्या नामांकित निर्मात्याचा स्टुडिओ त्यांना आतून पाहायला मिळाला. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्म धुण्याछापण्याची यंत्रे मागवली, आणि १ एप्रिलला ते परत आले. बिऱ्हाड दादरला मथुरा भवन नावाच्या बंगल्यात नेले. त्या रस्त्याला आता दादासाहेबांचेच नाव आहे. यंत्रे येऊन पोचल्यावर चार दिवसांत त्यांनी ती स्वतः जुळवली आणि आसपासच्या मुलांवरच कॅमेऱ्याची पहिली परीक्षा घेतली.

त्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येत असे. ती भोके अंधाऱ्या खोलीत छोट्या यंत्राने एकेक करून पाडावी लागत. जरा चुकले तर फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, हेही शिकल्या. चित्रीकरण उन्हात चाले, तेव्हा उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहत, असे सांगतात. आणि हे सारे घरची कामे सांभाळून. ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या चित्रपटाची मंडळी सारी त्यांच्याकडेच जेवायला. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे, पाण्याची व्यवस्था. आपल्या मंडळाच्या भोजनाला पन्नास पाने असली, तर आपण आठजणी मिळून दोन दिवस आधीपासून धावपळ करतो. त्या बाईने हे सहा-सात महिने केले.

तारामतीच्या भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे त्या काळी अगदी हलके समजत. शेवटी दादासाहेबांनी पत्नीलाच विचारले. सरस्वतीबाईंनी नकार दिला. मी तारामती झाले, तर एवढ्या माणसांचे कोण पाहील, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो खराही होता. मग ग्रँट रोडकडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा मुलगा दादासाहेबांना सापडला. तिथे त्याला दहा रुपये मिळत, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले, आणि तो तारामती झाला. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना ते घरातही लुगडे नेसून वावरायला लावत आणि तांदूळ निवडायला बसवत, असे सांगतात. डोळ्यांपुढे आणून पाहा! नटमंडळींना बाहेर कोणी विचारले, तर आम्ही हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहोत असे सांगायचे ठरले होते. म्हणजे घरच्या माणसांना चैन पडे आणि खोटेही बोलावे लागत नसे.

रोहिदासाचे काम करायला कोणी आपला मुलगा देईना. रोहिदासाला सर्पदंश होतो, मरण येते. ते काम कोण आई-बाप आपल्या मुलाला करू देणार? मग दादासाहेबांनी आपलाच भालचंद्र उभा केला. बाहेरचे चित्रीकरण वांगणीला होते. मंडळी पुढे गेली, तेव्हा भाले-तलवारी घेतलेली ही माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि सर्वांना अटक झाली. मागाहून दादासाहेब पोचले. त्यांनी कॅमेरा उघडून, रिकामाच फिरवून, काम कसे चालते ते करून दाखवले, तेव्हा सुटका झाली. हा प्रसंग मी घरी सांगितला, तर मुले पोट धरून हसली.

परंतु त्याच वांगणीला दुसरेही एक घडले, ते हसण्यासारखे नाही. खेळता खेळता भालचंद्र खडकावर पडला. डोक्याला जखम झाली, रक्त आले आणि शुद्ध गेली. दादासाहेबांनी जवळच्या पेटीतून औषधपाणी केले. मुलगा बरा होईपर्यंत काम थांबवावे, असे पुष्कळांनी सुचवले. राहिलेला प्रसंग मेलेल्या रोहिदासाचा होता, सरणावरचा. दादासाहेबांनी त्या बेशुद्ध मुलालाच तिथे ठेवून तो प्रसंग चित्रित केला, असे चरित्रात नमूद आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस लेख पुढे लिहिला नाही. कामात झोकून देणे म्हणतात ते हेच का, आणि असेल तर त्याचे कौतुक कसे करायचे? थांबले तर एवढ्या माणसांचा खर्च वाढतो, कर्ज वाढते, हे मला कळते. त्या वेळी सरस्वतीबाई जवळ होत्या की दादरला होत्या, त्यांना केव्हा समजले, त्या काय बोलल्या, हे कुठे वाचायला मिळाले नाही. मी आई आहे. मला ती गोष्ट पटली नाही, आणि थोर पुरुष म्हणून ती झाकून ठेवणेही मला बरे वाटत नाही. मुलगा पुढे बरा झाला, एवढेच समाधान.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी तीनच रुपये गल्ला जमला. तिथल्या लोकांना थोड्या पैशांत सहा-सहा तास नाटक पाहायची सवय. मग दादासाहेबांतला प्रोफेसर केळफा जागा झाला. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशा धर्तीची जाहिरात त्यांनी केली. गल्ला शेकड्यांवर गेला. सांगण्याची तऱ्हा पाहा!

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सहकुटुंब नाशिकला आले. डोंगर, नदी, घाट, देवळे असे सारे इथे जवळच मिळत होते. इथे ‘मोहिनी भस्मासुर’ झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई या मायलेकींनी भूमिका केल्या, आणि चित्रपटात प्रथमच स्त्रिया दिसल्या. पाठोपाठ ‘सत्यवान सावित्री’ झाला. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याचे बोलावणे त्यांना आले होते. पण नाशिकची माणसे आणि इथला धंदा सोडून राहायचे नाही, असे ठरवून ते परत आले. येतात तो महायुद्ध पेटले आणि सावकारांनी हात आखडते घेतले. माणसांचे पगार थकले. त्या दिवसांत सरस्वतीबाईंच्या अंगावरचे दागिने कामी आले. नवऱ्याने मागावे आणि बायकोने रडत द्यावे, असे ते नव्हते. ज्या कामात आपले हात बुडालेले आहेत, त्या कामाला त्यांनी सोने दिले. माझ्या पाटल्यांत आणि त्यांच्या दागिन्यांत फरक तो हाच.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि दिवस पालटले. अण्णा साळुंक्यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. १९१८ मध्ये भागीदार येऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. तिच्या ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी.

हा ‘कालियामर्दन’ बराचसा टिकून राहिला आहे. मी तो मुलाच्या मोबाइलवर पाहिला. सुरुवातीलाच एवढीशी मंदाकिनी समोर येते आणि निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. घटकेत हसते, घटकेत रुसते. चित्र मुके आहे, पण कॅमेऱ्याच्या मागे तिचे वडील हातवारे करून तिला खुलवत असतील, असे सारखे वाटत राहते. मग खोड्या आहेत, लोणी आहे, डोहातल्या कालियाशी झुंज आहे. पहिल्या चित्रपटात राणीचे काम पुरुषाने केले, इथे कृष्णाचे काम मुलीने केले! मुलगी म्हणून तिला मागे ठेवले नाही. चित्रपट कसा बनवतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला होता. त्यात दादासाहेब स्वतः कामात गढलेले दिसतात. नटांना करून दाखवतात, फिल्म हातात घेऊन पाहतात. कष्ट करताना तोंडावर त्रासिकपणा नाही. आपल्याकडे पुरुष कामावरून आला की घर चिडीचूप होते. फाळक्यांच्या घरी काम आणि खेळ एकच असल्यामुळे, मुलांना वडील कामातही सापडत आणि खेळातही.

पुढची हकीकत मात्र उतरणीची आहे. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, दादासाहेबांना मनासारखे काम हवे. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. पटले नाही, तेव्हा ते सर्व सोडून सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. ते रंगमंचावर आले, पण चालले नाही. मग पुन्हा कंपनीत परतले, कष्ट केले, परंतु पहिला रंग भरला नाही. १९३१ मध्ये बोलपट आले आणि मूकपटाचे दिवस संपले. त्यांनी कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव बोलपट केला. तो १९३७ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. पंचाण्णवच्या आसपास मोठे आणि पंचवीसहून अधिक छोटे चित्रपट करणारा हा मनुष्य १६ फेब्रुवारी १९४४ रोजी आपल्या नाशिकमध्ये शांतपणे गेला. पैसा पुष्कळ आला आणि गेला, गाठीला फारसा राहिला नाही. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला देशाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. ज्या घरात विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, त्या घराच्या नावाचा हा मान!

आता शेवटी माझ्या मनातले सांगते. असा नवरा मिळावा का, असे कोणी मला विचारले, तर मी चटकन हो म्हणणार नाही. आठवड्याचा बाजार कसा भागवायचा, हे ज्या बाईला ठरवावे लागते तिला हा प्रश्न सोपा नाही. वांगणीचा खडकही मी विसरलेले नाही. परंतु एक गोष्ट मला त्यांच्यापासून घ्यावीशी वाटते. आपल्या नादासाठी त्यांनी घराला नुसते राबवले नाही, घराला त्या नादात सामील करून घेतले. बायकोच्या हाती झारा होता, तसे फिल्मला भोके पाडायचे यंत्रही दिले. मुलांना दारूबाहेर ठेवून काम केले नाही, त्यांच्यासमोर केले. म्हणून पडत्या काळातही ते घर फुटले नाही.

हा लेख लिहिताना मी आमच्या घरच्यांना फाळक्यांची विम्याची गोष्ट वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. पण गेल्या रविवारी त्यांनी मला वर्कशॉपवर नेले आणि लेथ कसे चालते ते प्रथमच दाखवले. वहीखाते आता मी लिहू लागले आहे. जमा कमी आणि उधारी जास्त आहे, पण निदान ती किती आहे हे मला ठाऊक आहे.

भगिनींना एक सूचना करते. येत्या कोजागिरीला आपण मंडळाच्या अंगणात पांढरी चादर बांधावी आणि ‘कालियामर्दन’ लावावा. दूध आटेपर्यंत तो संपेल. मुलांनाही बसवावे, आणि त्या वेळी सरस्वतीबाईंचे नाव अवश्य घ्यावे. लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास सांभाळून घ्यावे. मंडळाचा सुवर्णमहोत्सवही आपण सर्वजणी मिळून असाच साजरा करू, हीच इच्छा.